लोंबीवरची खूण

१९८३ हे साल जनुकशास्त्राच्या पुस्तकांत एका बाईंच्या नावावर नोंदलेलं आहे. त्या ऑक्टोबरात स्टॉकहोमहून जाहीर झालं की वैद्यकशास्त्राचं नोबेल बार्बरा मॅक्लिंटॉक यांना, आणि तेही विभागून नव्हे, एकट्यांना. वय ८१. घरी फोन नव्हता. बातमी त्यांना रेडिओवर कळली. उभं आयुष्य त्यांनी मक्याच्या शेतात आणि मक्याच्या दाण्यांवर काढलं होतं.

त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात (मराठवाड्यातलं शहर वेगळं) दादाजी रामाजी खोब्रागडे आपल्या धानाच्या बांधीत उभे होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम. बांधीत 'पटेल ३' हे धान होतं, जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या डॉ. जे. पी. पटेल यांनी तयार केलेलं. त्यात दादाजींना तीन लोंब्या दिसल्या. रंगाने पिवळसर, बाकीच्या धानात न मिसळणाऱ्या. त्यांनी त्या तोडल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत वेगळ्या ठेवल्या.

या दोघांची कधी भेट झाली नाही. मी कॉलेजात जनुकशास्त्र शिकलो तेव्हा आमच्या पुस्तकात मक्याचं कणीस होतं, पटेल ३ ची लोंबी नव्हती. म्हणजे ज्या तांदळाचा डबा घेऊन आम्ही वर्गात बसायचो, त्याची गोष्ट सोडून बाकी सगळं होतं. दोघांना शेजारी ठेवायचं कारण साधं आहे. कळपातलं वेगळं दिसलं की ते फेकायचं नाही, जपून ठेवायचं आणि पुढच्या हंगामात त्याचं काय होतं ते बघायचं, हे पहिलं पाऊल दोघांनीही सारखंच टाकलं. फरक पडला तो पुढे. मॅक्लिंटॉक यांना सापडलेली वस्तू जगभरच्या लॅबमध्ये 'खूण' म्हणून वापरली जाऊ लागली. दादाजींना सापडलेल्या वस्तूवरून मात्र त्यांचीच खूण पुसली गेली.

ठिपक्यांची भाषा

आधी मका. आपल्याकडे कणसं पिवळी किंवा पांढरी असतात. अमेरिकेत जांभळ्या, लाल, चट्ट्यापट्ट्यांच्या दाण्यांची कणसंही होतात. मॅक्लिंटॉक १९४१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन केंद्रात आल्या. तिथे त्यांना असे दाणे दिसत राहिले की ज्यांचा मूळ रंग गेलेला आहे, पण त्या फिकट अंगावर जांभळे ठिपके आहेत. काहींवर मोठे चट्टे, काहींवर राईएवढे शिंतोडे.

त्यांनी याचा अर्थ असा लावला. रंग तयार करणाऱ्या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसून बसला आहे, म्हणून रंगाचं काम बंद पडलंय. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीत तो तुकडा तिथून उडी मारून निघून जातो. त्या पेशीत रंग परत सुरू होतो आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी जांभळ्या होतात. उडी लवकर पडली तर चट्टा मोठा, उशिरा पडली तर ठिपका बारीक. म्हणजे दाण्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघून ही घटना कधी घडली ते सांगता येतं.

पुढे त्यांच्या लक्षात आलं की तुकडे दोन प्रकारचे आहेत. एक स्वतःच्या बळावर उडणारा. त्याचं नाव एसी. दुसरा डीएस. हा पांगळा, पेशीत एसी असेल तरच हलतो, कारण उडी मारायला लागणारं प्रथिन एसीच बनवतो. आज आपण यांना फिरती जनुकं म्हणतो, शास्त्रीय नाव ट्रान्सपोझॉन.

१९५१ मध्ये त्यांनी हे सगळं कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत मांडलं. समोर बसलेल्यांना ते फारसं पचलं नाही. गुणसूत्रावर जनुकं माळेतल्या मण्यांसारखी जागच्या जागी असतात, हा तेव्हाचा पक्का समज. मणीच माळेत इकडून तिकडे उड्या मारतात, हे ऐकायची कुणाची तयारी नव्हती. मॅक्लिंटॉक काम करत राहिल्या, मात्र त्यावर लिहिणं त्यांनी हळूहळू कमी केलं. १९६० नंतर जिवाणूंत, मग माशीत, मग सगळीकडे असे तुकडे सापडायला लागले, तेव्हा लोकांनी जुने कागद परत उघडले. आज आपल्याला माहीत आहे की मक्याच्या डीएनएचा सुमारे ८५ टक्के भाग याच तुकड्यांचा आणि त्यांच्या अवशेषांचा आहे. भातात तो साधारण ३५ टक्के आहे. माणसात जवळजवळ निम्मा.

फ्यूज आणि दुपट्टा

आता प्रश्न असा की या उड्यांचा उपयोग काय?

गावातली डीपी डोळ्यांसमोर आणा. आत फ्यूजची रांग आहे आणि कुठला फ्यूज कुठल्या गल्लीचा हे कुठेही लिहिलेलं नाही. शोधायचा एकच उपाय. एक फ्यूज काढायचा आणि कुठल्या गल्लीत अंधार होतो ते बघायचं. जनुकाचं काम शोधण्याची पद्धत हीच आहे. चालू जनुक आपलं काम बोलून दाखवत नाही. ते बिघडलं की रोप बुटकं राहतं, दाणा पोचट होतो, फुलाचा रंग उडतो. आणि मग कळतं की हे जनुक उंचीचं होतं, हे दाण्याचं, हे रंगाचं.

चंद्रपूर-गडचिरोलीत 'जनुक' हा शब्द बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो सिकलसेलच्या तपासणीत. तिथेही तेच. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललं, लाल पेशी विळ्यासारख्या वाकल्या, आणि त्या एका अक्षरावर किती काही अवलंबून आहे हे जगाला कळलं. बिघाडाशिवाय काम दिसत नाही.

पण डीपीत एक अडचण आहे. हजारो फ्यूज आहेत आणि कुणीतरी रात्री येऊन एक काढून गेलं. गल्लीत अंधार तर झालाय, पण काढलेला फ्यूज नेमका कुठला? क्ष-किरणांनी किंवा रसायनांनी जनुकं बिघडवली की नेमकी हीच पंचाईत व्हायची. रोप बुटकं झालेलं दिसायचं, पण कोट्यवधी अक्षरांत बदल कुठे झाला ते सापडायला वर्षं जायची.

फिरतं जनुक इथे कामाला येतं. ते ज्या जनुकात घुसतं ते बंद पाडतं आणि स्वतः तिथेच बसून राहतं. जणू फ्यूज काढणारा आपला दुपट्टा तिथेच विसरून गेला. आपल्याला दुपट्ट्याचा रंग ठाऊक आहे, म्हणजे त्या तुकड्याची अक्षरं माहीत आहेत. तो शोधला की त्याच्या शेजारचं जनुक आपोआप हाती लागतं. या पद्धतीला ट्रान्सपोझॉन टॅगिंग म्हणतात. फोटोवर लोकेशनची पिन असते ना, तशी बिघाडावर पिन.

१९८३-८४ च्या सुमारास, म्हणजे नोबेल आणि त्या तीन लोंब्यांच्याच काळात, अमेरिकेत नीना फेडोरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसी हा तुकडा वेगळा काढला आणि त्याचाच टॅग वापरून मक्याचं 'ब्रॉन्झ' नावाचं रंगाचं जनुक पकडलं. १९९० मध्ये तर गंमत झाली. शाळेत आपण मेंडेलचे गोल आणि सुरकुतलेले वाटाणे शिकतो. इंग्लंडमधल्या संशोधकांनी सुरकुतलेल्या वाटाण्यात पाहिलं, तर स्टार्च बनवणाऱ्या एका जनुकात एसी-डीएसच्या जातकुळीतला एक तुकडा घुसून बसलेला. ज्या वाटाण्यावर जनुकशास्त्र उभं राहिलं, त्याच्या सुरकुत्या एका उडीमुळे पडल्या होत्या.

भात आणि स्ट्रॉबेरी

२००५ मध्ये भाताचा संपूर्ण डीएनए वाचून झाला. दहा देशांनी मिळून केलेल्या या कामात भारताकडे ११व्या गुणसूत्राचा एक भाग होता. हाती आली ३७ हजारांहून जास्त जनुकांची यादी. त्यातल्या बहुतेकांपुढे कामाचा रकाना कोरा.

तो भरायला जपानमधल्या त्सुकुबाच्या संशोधकांनी भाताचंच एक फिरतं जनुक वापरलं, टॉस १७. एरवी ते झोपलेलं असतं. रोपाचा तुकडा काचेच्या बाटलीत टिश्यू कल्चरमध्ये वाढवला की जागं होतं, स्वतःच्या नकला काढून इकडेतिकडे घुसवतं, आणि पेशींपासून पुन्हा रोप उगवलं की परत झोपतं. झोपेतून उठवा, नकला पसरू द्या, परत झोपवा. असं करून त्यांनी सुमारे ५० हजार वेगवेगळी धानं तयार केली आणि शेतात लावून एकेक पाहिली. कुठे बुटकं, कुठे पांढुरकं, कुठे पोचट.

स्ट्रॉबेरीत हेच करायला गेलं तर काम अवघड होतं. महाबळेश्वरची बाजारातली स्ट्रॉबेरी घ्या. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, ५६ गुणसूत्रं. एका संचातलं जनुक बंद पाडलं तरी बाकीचे सात वेळ मारून नेतात. एक फ्यूज गेला तरी गल्लीत अंधार होतच नाही. म्हणून संशोधक तिच्या रानटी बहिणीकडे वळले. तिचं फळ बोटाच्या पेरापेक्षा लहान, पण संच फक्त दोन आणि गुणसूत्रं १४. तिचा डीएनए २०११ पर्यंत वाचून झाला. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या गटाने मक्याचं एसी-डीएस या रानटी स्ट्रॉबेरीत सोडलं. त्यात त्यांनी अशीही सोय केली की तुकडा जिथे बसेल तिथलं शेजारचं जनुक बंद होण्याऐवजी जोरात सुरू व्हावं. हे काम २०१४ मध्ये छापून आलं. मॅक्लिंटॉक यांनी ठिपक्यांतून ओळखलेला तुकडा सत्तर वर्षांनी स्ट्रॉबेरीत पत्ता शोधायच्या कामाला लागला होता.

आणि बाजारातल्या स्ट्रॉबेरीत निसर्गाने हा प्रयोग स्वतःच करून ठेवला आहे. काही स्ट्रॉबेऱ्या कापल्यावर आत पांढऱ्या निघतात, काही आतपर्यंत लालभडक. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की आतून लाल असणाऱ्या जातींत रंगाच्या एका मुख्य जनुकाच्या दाराशी एक फिरता तुकडा येऊन बसलाय आणि त्याच्यामुळे ते जनुक जास्त जोमाने चालतं. पूर्वी कुणीतरी जास्त लाल दिसलेलं रोप ठेवून घेतलं असणार. कारण त्याला माहीत नव्हतं, फळ मात्र आवडलं होतं.

सहा बाय दहा फूट

इथून परत नांदेडला येऊ.

१९८४ च्या पावसाळ्यात दादाजींनी त्या तीन लोंब्यांचे दाणे शेताच्या मधोमध सहा बाय दहा फुटांच्या तुकड्यात वेगळे लावले. भोवती काटेरी झुडपं रचली. आपल्याकडे जंगल बांधीच्या धुऱ्यापर्यंत आलेलं असतं, आणि रानडुकराला कुठलं धान प्रयोगाचं ते कळत नाही. पीक आलं, दाणे वेगळे काढले, पुढच्या वर्षी परत वेगळे लावले. असं करत करत १९८८-८९ पर्यंत खाऊन आणि वाटून बघण्याइतकं बियाणं झालं. दाणा पटेल ३ पेक्षा बारीक, भात चवीला सरस.

मूळच्या तीन लोंब्या वेगळ्या का निघाल्या असतील? शक्यता तीन. बियाण्यात दुसऱ्या वाणाचा दाणा मिसळलेला असेल. शेजारच्या बांधीतल्या धानाचे परागकण आले असतील. नाहीतर डीएनएमध्येच बदल झाला असेल. एखादं अक्षर बदललं असेल किंवा एखाद्या तुकड्याने उडी मारली असेल. उडीच होती असा माझा दावा नाही. पण भातात अशा उड्या पडतात, त्याही लॅबबाहेर, साध्या शेतात. जपानच्या 'गिनबोझु' या वाणाच्या काही वंशांत एमपिंग नावाचा तुकडा दर पिढीला प्रत्येक रोपात सुमारे ४० नव्या जागी जाऊन बसतो, हे मोजलं गेलंय. आणि हा गिनबोझुसुद्धा गेल्या शतकाच्या सुरुवातीला एका जपानी शेतकऱ्याने आपल्या शेतात उठून दिसलेल्या रोपातून निवडला होता.

कारण कुठलंही असो, दादाजींची पद्धत शास्त्राला धरून होती. धानाच्या फुलात पराग बहुतेक त्याच फुलात पडतो. त्यामुळे एका लोंबीचे दाणे वेगळे लावून काही पिढ्या तसेच जपले की गुण स्थिरावतात. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी १९०३ मध्ये घेवड्याच्या दाण्यांवर हेच करून शुद्ध वंशाचा सिद्धांत मांडला. 'जीन' हा शब्द १९०९ मध्ये त्यांनीच दिला. म्हणजे ज्या कामातून 'जनुक' या शब्दाची वाट निघाली, तेच काम नागभीड तालुक्यात काटेरी कुंपणाच्या आत चालू होतं. लॅबमध्ये ५० हजार रोपं मुद्दाम बिघडवून त्यात वेगळं काय ते शोधतात. दादाजींकडे बिघडवायचं साधन नव्हतं. निसर्गाने केलेला एखादाच बदल हजारो लोंब्यांत त्यांना ओळखावा लागला.

१९९० मध्ये एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून दीडशे किलो बियाणं नेऊन चार एकरांत लावलं. पीक भरघोस आलं आणि माल तळोधीच्या बाजारात गेला. तिथे व्यापाऱ्याने विचारलं, नाव काय? नाव नव्हतं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, म्हणून पोत्यांवर 'एचएमटी' पडलं. आज विदर्भात, तेलंगणात, छत्तीसगडमध्ये दुकानदाराला 'एचएमटी द्या' म्हटलं की तांदूळ मिळतो. घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. धान अजून चालू आहे.

पहिली खूण अशी पुसली गेली, तीही कुणाच्या वाईट हेतूशिवाय. दुसरी वेळ जास्त बोचणारी. १९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही इथल्या केंद्रातून दादाजींकडचं पाच किलो बियाणं नेलं गेलं. १९९८ मध्ये विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित केला. दादाजींचं म्हणणं, वाण माझा आणि श्रेय मला मिळालं नाही. विद्यापीठाचं म्हणणं, मूळ बियाण्यात भेसळ होती, आम्ही ते शुद्ध करून नवा वाण केला. शुद्ध करणं हे खरं काम आहे, ते कमी लेखायचं कारण नाही. पण दुपट्ट्याचा नियम इथेही लावून बघा. वाणाचा माग काढत मागे गेलं की वाट सिंदेवाहीला थांबत नाही. ती नांदेडच्या सहा बाय दहा फुटांत जाऊन पोचते. नावात मात्र विद्यापीठ आहे आणि घड्याळ आहे.

तेव्हा शेतकऱ्याला आपला वाण नोंदवायला देशात कायदाच नव्हता. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये आला. वाण इतरांहून वेगळा आहे, सगळी रोपं सारखी आहेत आणि गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, एवढं दाखवलं की शेतकरीही आपल्या नावाने नोंद करू शकतो. वेगळेपण, सारखेपणा, टिकाऊपणा. १९८४ ते १९८९ या हंगामांत दादाजी याच तीन गोष्टी तपासत होते.

मान नंतर मिळाले. २००५ मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार, मग राज्य सरकारचा कृषिभूषण, २०१० मध्ये 'फोर्ब्स'च्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव. पैसा त्या मानाने आलाच नाही. पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले आणि ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्रामच्या रुग्णालयात गेले. वर्तमानपत्रांत दोन दिवस बातम्या आल्या. बऱ्याच जणांना तेव्हा कळलं की एचएमटी हा कुणीतरी शोधलेला तांदूळ आहे.

मॅक्लिंटॉक यांनाही उशीर झाला. १९५१ ते १९८३, बत्तीस वर्षं. पण त्यांचे दाणे, त्यांच्या वह्या, त्यांची प्रत्येक हंगामाची नोंद जागेवर होती. उशिरा का होईना, मागे जाणाऱ्याला वाट सापडली. आपल्या बांध्यांमध्ये वेगळी लोंबी दिसण्याची परंपरा जुनी आहे, तिची नोंद ठेवायची सवय मात्र नाही. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तारीख आणि जागा आपोआप टिपणारा. धान कापणीच्या आधी बांधीत एखादी लोंबी वेगळी दिसली तर ती तोडून पिशवीत टाकण्याआधी एक फोटो काढा. पुढच्या रोवण्यात ती कुठे लावली त्याचाही काढा. पुढे कधी वाद झाला तर 'हे माझ्याकडचं' असं तोंडी सांगत बसावं लागणार नाही.

आणि दादाजींच्या बाकीच्या वाणांची नावं एकदा वाचा. ते एचएमटीवर थांबले नाहीत, एकूण नऊ वाण त्यांनी काढले. विजय नांदेड, नांदेड चिन्नोर, नांदेड ९२, नांदेड हिरा. बहुतेकांत गाव आहे. आणि एकाचं नाव डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे.